आईचं चित्र काढायला

स्वारगेटला सोलापूरच्या गाडीत चढताना कंडक्टरनं माझ्या हातातल्या सामानाकडे बघून विचारलं, "मॅडम, दार घिऊन निगालाय का काय?"

चादरीत गुंडाळलेला कोरा कॅनव्हास होता तो. लाकडी चौकटीवर ताणलेला, माझ्या कमरेपेक्षा उंच.

"चित्राचं कापड आहे," मी म्हटलं.

"चित्र कुटाय त्यात?"

"अजून काढायचंय."

"मग तितं जाऊन कापड घ्यायचं की. रिकामं कशाला वागवायचं हितनं?"

मागच्या सीटवरचे दोघं हसले. मीही हसले, कारण त्या सकाळी मी खुशीत होते. शेवटी ड्रायव्हरच्या पाठीमागच्या फटीत कॅनव्हास उभा करायची परवानगी मिळाली. गाडीला ब्रेक लागला की उठून तो धरायचा, ही अट.

मी पुण्यात एका शाळेत चित्रकला शिकवते आणि उरलेल्या वेळात स्वतःची चित्रं काढते. मोहोळ तालुक्यात आमची वस्ती आहे. वडिलांची, म्हणजे अप्पांची, मेंढरं होती. वस्तीभोवती उघडा माळ, त्यावर एकच मोठी बाभूळ. हा माळ मी वर्षानुवर्षं रंगवत आले. धूळ, मेंढरं, बाभूळ आणि कळपामागून चाललेली आई, पाठमोरी. ही चित्रं लोकांच्या दिवाणखान्यांत लागली, माझं थोडंफार नाव झालं तेही त्यांच्यावरच. आमच्या घरात मात्र कुणी कधी म्हटलं नव्हतं की शोभा, एखादं आम्हालाही दे.

आणि आता खुद्द आईनं फोन करून चित्र मागितलं होतं, स्वतःचं.

कारण सरळ होतं. अप्पा वारले तेव्हा घरात त्यांचा धड फोटो नव्हता. दादानं कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून त्यांचं तोंड कापून स्टुडिओत नेलं. स्टुडिओवाल्यानं त्याखाली कोट-टाय चिकटवला. आयुष्यभर धोतर आणि खांद्यावर घोंगडं वागवलेला माणूस आता बारमाही हार घालून, टाय लावून भिंतीवर बसला आहे. आई म्हणाली, "माजं तसं हुया नगं. दादा आधार कार्डावरचा फोटू मोटा करून लावील. तू हायस न्हवं चित्रं काडणारी? यिऊन काड."

घरातल्या कुणाला तरी माझ्या कामाची गरज पडली होती. म्हणून खुशीत होते.

भिगवणच्या पुढे उजनीचं पाणी दिसेनासं झालं आणि दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. टेंभुर्णीला गाडी थांबली. स्टँडवर उसाच्या ट्रॅक्टरांनी उडवलेला पाचटाचा कचरा वाऱ्यावर फिरत होता. चहाच्या टपरीवर एक फेटेवाले म्हातारे शेजारी येऊन बसले.

"कुटल्या तुमी?"

"मोहोळकडची. आमची वस्ती आहे तिकडे."

त्यांनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली. "वाटत न्हाय. बोलनं पुण्याचं हाय."

"तिकडे राहते ना."

"तिकडं ऱ्हाता तर मग तिकडच्याच की. मान्सानं चूल जितं पेटती तितलं नाव सांगावं." असं म्हणून ते उठले. चहाचे पैसे मात्र माझेही देऊन गेले. पाहुण्यांचे देतात तसे.

मोहोळला उतरून वडाप (माणसं भरली की सुटणारी जीप) पकडली. कॅनव्हास टपावर बांधला. बऱ्याच वर्षांनी येत होते, तरी रस्ता माझ्या ओळखीचा होता, निदान मला तसं वाटत होतं. ओढा ओलांडला की उजवीकडे चढ लागतो, चढावर डोकं काढलं की एकदम सगळा माळ समोर येतो. मी खिडकीकडे सरकून बसले. चढ आला, गेला. समोर उसाची भिंत होती. डावीकडे ऊस, उजवीकडे ऊस, मध्ये जीप जाईल एवढी वाट. मी ड्रायव्हरला विचारलं, "तो माळ कुठे गेला?"

"कंचा माळ?"

आमचाच माळ मी परक्या माणसाला खुणा सांगून विचारत होते. बाभळीची खूण सांगितली. त्याला बाभूळही आठवली नाही. "पाणी आल्यापासनं माळ कोन ठिवतंय बाई," तो म्हणाला आणि मला वस्तीच्या फाट्यावर सोडून गेला.

दादा मोटारसायकल घेऊन उभा होता. माझा थोरला भाऊ. केस पांढरे झालेत, चालणं अप्पांसारखंच. त्यानं कॅनव्हास उचलून बघितला. "एवडं मोटं? आईला हुबी करतीस का काय त्यात?"

"दादा, माळ कुठाय रे आपला?"

त्यानं हातानं चारी बाजू दाखवल्या. "ह्यो काय. ह्याच्यातच हुबी हायस."

"सगळा मोडला? बाभूळ पण?"

"तुजं लई प्रेम त्या माळावर," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. "तुला बगाय माळ पायजे. आमाला प्यायला पानी पायजे हुतं. पोरांची शिक्षनं, ह्ये घर, समदं ह्या उसानं केलं. बस मागं. धर ते तुजं दार."

घरही नवं होतं. स्लॅबचं, गुळगुळीत फरशी, गुलाबी रंग. वहिनी दारात आल्या, माझ्या पायांवर पाणी घातलं, आणि आतून थंड पाण्याची बंद बाटली आणून दिली.

"माठातलं द्या ना वहिनी."

"नगं वन्सं. तुमाला बाधंल आमचं पानी."

याच विहिरीचं पाणी पिऊन मी वाढले, हे त्यांना कुठून सांगायचं. जेवायलाही मला एकटीलाच आधी बसवलं, खाली घोंगडी अंथरून. ज्वारीची भाकरी, दह्यात कालवलेली शेंगाचटणी, आणि मी मुद्दाम मागितलं म्हणून हुलग्याचं माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज). माडगं मागितल्यावर वहिनींना हसू आलं. "ते आता कोन खातंय? म्हातारी सुदिक खाईना." माझ्यापुरतं केलं आणि वाढताना पुन्हा म्हणाल्या, "तुमाला गावाकडचं आवडतंय न्हवं."

त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती. त्यांनी मला प्रेमानं पाहुणी केलं होतं, आणि प्रेमाशी भांडता येत नाही.

आई मागच्या अंगणात खुर्चीवर होती. पाठ वाकली आहे, कानही थोडे गेलेत. मला बघून म्हणाली, "आलीस व्हय? रंग आनलंस का?" मी कशी आहे हे नंतर विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चित्रासाठी हिरवं लुगडं नेसलं, केसांना तेल लावून चापून बसवले, आणि मी सांगितलं तशी गोठ्याच्या भिंतीपाशी खुर्चीत बसली. कोवळं ऊन डाव्या गालावर येत होतं.

"हालायचं न्हाय?"

"हाललीस तरी चालेल."

"नगं. फोटूत हालत्यात व्हय कुनी?"

ती खरंच हलली नाही. मी आजवर आई किती वेळा काढली असेन, पण तिच्या चेहऱ्याकडे एवढा वेळ कधी बघितलं नव्हतं. लहानपणी ती सतत पुढे चाललेली असायची आणि मी मागून. तीच सवय चित्रांत आली. आता ती समोर बसली होती आणि थेट माझ्याकडे बघत होती. कपाळावरचं गोंदण उन्हानं निळं-हिरवं झालं होतं. डाव्या भुवईत लहानसा व्रण होता, तो मला माहीतच नव्हता.

"हे कशाचं गं?"

"मेंडीनं मारलं हुतं. लई वरसं झाली."

त्या सकाळी आम्ही पुष्कळ बोललो. बसल्या जागी काही न करता आई एवढा वेळ बसली आहे, हे मी पहिल्यांदाच बघत होते. मधेच ती म्हणायची, "हात रिकामं हायती. घेवडा तरी निवडू का?" मी नको म्हणायचे. मग ती हात मांडीवर ठेवायची आणि थोड्या वेळानं बोटं आपोआप हलायला लागायची, नसलेलं काहीतरी निवडत.

"तितं तुज्याजवळ कोन हाय?" तिनं विचारलं.

"कुणी नाही. मी एकटीच."

"आजारी पडलीस म्हंजी?"

"शेजारी आहेत."

तिनं मान हलवली नाही, फोटोत हलायचं नव्हतं ना. पण डोळे पाण्यानं भरले आणि मी ब्रश खाली ठेवला. "तुजं काड तू," ती म्हणाली. "डोळं म्हातारपनानं गळत्यात."

दुसऱ्या बैठकीत मी बाभळीचा विषय काढला. म्हटलं, दादानं निदान ते एक झाड तरी ठेवायचं होतं. बांधावर होतं, उसाच्या आड येत नव्हतं.

"त्येनं न्हाय तोडली. म्या तोडाय लावली."

माझा हात थांबला. "तू?"

"व्हय. पाटाचं पानी आलं, जेसीबी आला, तवा पयल्यांदा तीच काडाय सांगितली. दादा नगं म्हनत हुता."

"का पण?"

"तुजा बाप मेंडरं घिऊन कोकनात जायचा. लंगडी झाल्याली, कोवळी पिल्लं माज्यापाशी ठिऊन. सावली म्हंजी ती एक बाभळ. तिच्या बुडाला बसून म्या उनाळं काडलं. काटं मोडायचं, पानी संपायचं, पिल्लू मरायचं. मानूस कवा येतंय म्हनून वाट बगायची. निसती वाट बगायची, शोभे. ती बाभळ डोळ्यापुडं नगं वाटायची मला." मग थोडं थांबून म्हणाली, "दादानं फोनवर तुजी चित्रं दावली हुती. सगळ्यात तीच बाभळ. म्हनलं, हिला काय सापडलं तिच्यात?"

मी गेरूचा रंग कालवत राहिले. त्या बाभळीच्या चित्रांसमोर उभं राहून पुण्यातल्या लोकांनी मला किती शांत वाटतं म्हणून सांगितलं होतं.

"मला वाटायचं तुला माळ आवडतो," मी म्हटलं.

"आवडाय काय झालंय? धूळ ती. तुला सोन्यावानी दिसती. माज्या ती नाकातोंडात जायाची."

तरीही त्या सकाळी मला सुखाच्या गेल्या. हे सांगायलाच हवं. ती मला आतलं सांगत होती, मी तिला बघत होते, आणि वाटत होतं की चला, माळ गेला तर गेला, माझी जागा हीच आहे, हिच्या समोर. चित्र माझ्या हातून आपोआप होत होतं. खांद्यांची उतरण, गळ्याच्या शिरा, डोळ्यांखालची मातकट सावली, मांडीवरचे ते न थांबणारे हात. मी आजवर काढलेल्यांत ते सगळ्यात चांगलं चित्र आहे. आजही माझं तेच मत आहे.

पूर्ण झालं तेव्हा मी ते ओसरीत भिंतीला टेकवून ठेवलं आणि सगळ्यांना बोलावलं. वहिनींनी पदर तोंडाला लावला. "आगं बया! जशाच्या तशा हायत्या." दादा वाकून जवळून बघत राहिला. "डोळ्याखाली लई काळं केलंस गं."

"आहे तसंच केलंय."

"व्हय, हाय तर तसंच," तो म्हणाला आणि उसाला पाणी धरायला निघून गेला.

आईनं सगळ्यात जास्त वेळ बघितलं. काठी टेकत जवळ गेली, परत मागे आली. "मीच हाय," म्हणाली. मी त्याचा मला हवा तो अर्थ घेतला.

चौकट चांगली हवी म्हणून दुसऱ्या दिवशी मी चित्र घेऊन सोलापूरला गेले. चिंचोळी एमआयडीसीपाशी पाळी सुटली होती. डबे हातात घेतलेली पोरं-पोरी गाडीत शिरली आणि चित्राला धक्का लागू नये म्हणून एका मुलीनं उतरेपर्यंत आपली पिशवी मध्ये धरून ठेवली. शहरात जुन्या बाजारपेठेत फ्रेमवाल्याचं दुकान सापडलं. भिंतभर देव, पुढारी आणि मेलेली माणसं. दुकानदार चाचांनी चित्र काउंटरवर ठेवलं, चश्मा कपाळावर चढवला, आणि दोन्ही हात जोडून त्याला नमस्कार केला.

"अम्मा कब गुजरे, बाई?"

"आहेत. घरी आहेत."

चाचा गडबडले. "हैं? तो अब्बीच फ्रेम कायकू (कशाला) बनारे?" मग स्वतःच सावरून म्हणाले, "लंबी उमर हो उनकू. माफ करना. शकल देख के लगा, बहुत थक के गये होंगे."

मला ते चित्राचं कौतुक वाटलं. खरंच वाटलं. सागवानी रंगाची साधी पट्टी निवडली, काम होईपर्यंत समोरच्या हॉटेलात बसून राहिले, आणि दुपार कलताना जड झालेलं चित्र सांभाळत परतीची गाडी धरली.

वस्तीवर पोचले तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. ओसरीत शिरले आणि समोरच्या भिंतीकडे बघितलं. अप्पांच्या शेजारी सकाळपर्यंत मोकळा खिळा होता, माझ्या चित्रासाठीच ठोकलेला. त्यावर एक चकचकीत फोटो लावलेला होता. चेहरा आईचा होता, पण गोरापान, एकही सुरकुती नसलेला. गोंदण पुसलेलं. भुवईतला व्रण गेलेला. अंगावर जरीचा शालू, गळ्यात तिनं जन्मात न घातलेला सोन्याचा हार, मागे हिरवळ आणि उडतं कारंजं. मोहोळच्या स्टुडिओतला.

मी दादाकडे वळले. कधीचं साचलेलं सगळं तोंडावर आलं. "एक दिवस बाहेर गेले तर एवढी घाई? मला सांगायचं तरी होतं. मी एवढी आले, बसले, ते काय होतं मग?"

दादा खाली बघत होता. "मी न्हाय गं…"

"म्या सांगितलं त्येला," आई आतून म्हणाली. ती भिंतीला धरून दारापर्यंत आली. "त्येला बोलू नगंस. म्याच सकाळी बोलले, जा मोहोळला."

"आई, तूच मला बोलावलंस ना? तूच म्हणालीस ना, अप्पांसारखं खोटं नको?"

"म्हनले हुते."

"मग हे काय आहे? हा हार कुणाचा? हे कारंजं कुठलं?"

"नसंना का."

"आणि माझ्या चित्रात काय चुकलंय?"

आई ओसरीच्या पायरीवर बसली. मी टेकवून ठेवलेल्या चौकटीकडे तिनं बघितलं, मग नजर काढून घेतली.

"चुकलं काय बी न्हाय. समदं बरुबर काडलंयस. पर त्यात मी लई दमल्याली दिसती गं."

"दमलीसच ना तू आयुष्यभर? खरं तेच काढलं."

"खरं मला ठावं हाय की. ते भितीवर कशाला पायजे? जित्तेपनी दमले तेवडं बास. मेल्यावर तरी दमल्याली ठिऊ नगंस मला. पोरास्नी, नातवास्नी वाटू द्या, आजी चांगली ऱ्हात हुती."

वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. मला भांडायचं होतं, आणि भांडायला समोर एक म्हातारी होती, जिनं एवढंच मागितलं होतं की तिला तिच्या मनासारखं बसू द्यावं. मी म्हटलं, "मग या चित्राचं काय करू?"

"तू ने. तुला आवडती न्हवं दमल्याली आई."

ती हे लागेल असं बोलली नाही. भाकरीचं पीठ उरलं तर घेऊन जा म्हणावं, तशा आवाजात म्हणाली. त्यानंतर मी जेवले, वहिनींशी बोलले, दादाची माफी मागितली, त्यानं "असूं दे की" म्हटलं. सगळं रीतीप्रमाणे झालं.

सकाळी निघाले. वहिनींनी शेंगाचटणी, ज्वारीचं पीठ आणि हुलगे बांधून दिले. दादानं चित्र मोटारसायकलवर आडवं धरून फाट्यापर्यंत पोचवलं. आई तिथवर चालत आली, नको म्हटलं तरी. वडापची वाट बघत आम्ही उसाच्या कडेला उभ्या होतो. वारा सुटला की पानांचा आवाज व्हायचा, बाकी काही नाही.

"घरात लावशील न्हवं?" तिनं विचारलं.

मला आशा वाटली. वाटलं, तिला ते कुठेतरी हवं आहे. "लावू?"

"लाव की. तितं मला कोन वळकतंय."

जीप आली. चित्र टपावर चढलं. आईनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली आणि मी बसले.

परतीच्या गाडीतला कंडक्टर वेगळा होता, त्यानं काही विचारलं नाही. टेंभुर्णीपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते आणि मनात सवयीनं चित्र जुळवत होते. पण जुळवायला बाहेर काही नव्हतं. हिरव्याची एक सलग पट्टी, तीही मला रंगवता येणार नाही. माझ्याजवळचा सगळा प्रदेश त्या धुळीचा होता आणि ती धूळ जिच्या नाकातोंडात गेली तिनंच तो मोडून टाकला होता, आनंदानं. आपण जिथले म्हणून जगाला सांगतो, तिथल्या माणसांना तिथून सुटका हवी होती, ही गोष्ट समजायला माझं कमावतं आयुष्य जवळजवळ संपावं लागलं. समजून उपयोगही काही नाही. मला दुसरं काही काढता येत नाही.

चित्र मी बाहेरच्या खोलीत लावलं आहे. येणारे जाणारे त्याच्यासमोर थांबतात. एका प्रदर्शनवालीनं परवा ते मागितलं. म्हणाली, "किती खरं आहे हो! कोण आहेत या?"

आई आहे, असं मी सांगितलं. तिनं पुन्हा वळून चित्राकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "गेल्या का?"